शाल, श्रीफळ आणि कलम सत्तावीस

नांदेडच्या पोलिसांनी माझ्या धाकट्या भावाला शाल पांघरली आणि लातूरच्या पोलिसांनी त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. कारण दोन्हीकडं एकच. व्यंकट एकेकाळी डोडा खात होता. इतक्या हुशार कारभारात राहून, विम्याच्या पॉलिसी विकत दारोदार फिरून मी अजून वेडी कशी झाले नाही, याचंच मला नवल वाटतं.

डोडा म्हणजे अफूच्या बोंडाचा चुरा. कुणी चहात उकळून पितं, कुणी नुसताच तोंडात टाकून वर पाणी पितं. आमच्या लोह्याकडच्या गावात हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. व्यंकट ट्रक चालवायचा. अर्धापूरची केळी भरून वर दिल्ली-पंजाबपर्यंत न्यायचा. केळी वाट बघत नाही, पिकतच राहते, म्हणून ड्रायव्हरनं झोपायचं नसतं, थकायचं नसतं. वरच्या रस्त्यावरच्या ढाब्यांवर थकव्याचा इलाज चहाच्या कपातून मिळतो. ते ढाबेवाल्याला ठाऊक, ट्रकमालकाला ठाऊक. माल वेळेवर पोचला की व्यापारीही खूश. त्या चुऱ्यावर सगळ्यांचं चाललं होतं, पण कायद्याला त्यात गुन्हेगार दिसला तो एकटा पिणारा.

तो लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन उतरवायला गेला आणि तिथं सापडला. शर्टाच्या खिशात चिमूटभर चुऱ्याची पुडी होती. त्याला कलम सत्तावीस लावलं, म्हणजे नशा केल्याचा गुन्हा. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मागं पोलिसांचं अख्खं पथक छाती काढून उभं, पुढं माझा भाऊ तोंडावर रुमाल बांधून उकिडवा बसलेला आणि टेबलावर ती पुडी. एखादं जिवंत जनावर पकडल्यासारखी सगळ्यांची तिच्यावर नजर.

मी पहिल्या बसनं लातूर गाठलं. कोठडीत व्यंकट जमिनीवर गोळा होऊन पडला होता. नाक गळत होतं, डोळे गळत होते, जांभयांवर जांभया येत होत्या आणि पाय आपोआप झटकत होते. रात्रभर उलट्या झालेल्या दिसत होत्या. पहाऱ्यावरचा शिपाई म्हणाला, "नाटकं करून राहिलाय."

मी फौजदाराकडं गेले. म्हटलं, "साहेब, त्याला डॉक्टरला दाखवा. तो आजारी हाय."

"आजारी न्हाई, आरोपी हाय," फौजदार म्हणाला. "अन् बाई, खाताना मजा आली असंल ना? मग आता भोगू द्या की जरा."

माणूस एका वेळी आजारी आणि आरोपी दोन्ही असू शकतो, हे त्या साहेबाच्या डोक्यात शिरलं नाही. ट्रेनिंगमध्ये शिकवत नसतील.

कोठडीतून तो जेलमध्ये गेला आणि जामीन होईपर्यंत तिथंच राहिला. शरीर कसंबसं ताळ्यावर आलं, पण तेवढ्यात आतल्या एका इसमानं त्याला मोलाची माहिती पुरवली: डोडा लातुरातच कुठं मिळतो. अटक व्हायच्या आधी त्याला त्यासाठी राजस्थानच्या रस्त्यावर जावं लागायचं. सरकारनं पकडून, पोसून, पहारा ठेवून त्याला दिलं काय, तर एक जवळचा पत्ता. सुटल्यावर आठवड्याच्या आत तो पुन्हा प्यायला लागला.

त्याला खरं बरं केलं ते डॉक्टर हुमा यांनी. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात, मानसिक आजारांच्या ओपीडीत त्या बसायच्या. मी व्यंकटला ओढतच नेलं. मला वाटलं, आता या बाई भाषण देणार. त्यांनी साखरेच्या रोग्याला विचारावं तसं विचारलं, "किती घेता? शेवटचं कधी घेतलं? झोप लागते का?" व्यंकटनं मान वर केली. कितीतरी महिन्यांत त्याला कुणी साधा प्रश्न विचारला नव्हता.

जिभेखाली ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला जायचं, रांगेत उभं राहायचं, गोळी घ्यायची. मधे तो दोनदा घसरला. दुसऱ्यांदा मी दवाखान्यातच त्याच्यावर ओरडले. हुमाबाई मला म्हणाल्या, "सुकन्याताई, त्यांना घरी रागवा. इथं नको. इथं रागावलं की लोक येणं बंद करतात." वर्ष उलटून गेलं, गोळ्या कमी होत होत बंद झाल्या, आणि माझा भाऊ पुन्हा माणसासारखा जेवायला लागला. लांबचा ट्रक त्यानं सोडला. त्या ढाब्यांवर पुन्हा थांबायची त्याची छाती नव्हती.

लातूरची केस मात्र चालूच होती. तारीख यायची, तो जायचा, पुढची तारीख घेऊन यायचा.

याच काळात नांदेडच्या पोलिसांना एक सुधारलेला माणूस हवा झाला. इन्स्पेक्टर मुखेडकर नावाचे गृहस्थ, गोड बोलणारे, फोटोत कायम मधोमध उभे राहणारे. नशामुक्तीची मोहीम त्यांच्याकडं होती. त्यांनी हुमाबाईंना विचारलं, बाईंनी व्यंकटला विचारलं. वर हेही सांगितलं, "मनात नसेल तर सरळ नाही म्हणा." माझा भाऊ कसला नाही म्हणतोय! जन्मात कुणी हार घातला नव्हता त्याला. एका कॉलेजात त्याचा सत्कार झाला, मग दुसऱ्या, मग तालुक्याला. 'नशेवर मात करणारा योद्धा.' एका शिपायानं लिहून दिलेलं भाषण तो पाठ करून म्हणायचा. त्यात पोलिसांचे आभार सुरुवातीला होते आणि शेवटीही. घरी आला की शाल घडी करून लोखंडी कपाटात ठेवायचा आणि मला विचारायचा, "अक्का, फोटो पाहिलास का?"

मी म्हणायचे, "पाहिला. मुखेडकर चांगले आलेत."

मग एका इंग्रजी शाळेत स्कूलबसच्या ड्रायव्हरची जागा निघाली. सकाळी पोरं न्यायची, दुपारी आणायची, रात्री आपल्या अंथरुणात झोपायचं. व्यंकटला याहून दुसरं काही नको होतं. शाळेनं पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितला. रीतच आहे, त्यात शाळेचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दाखल्याचा अर्ज दिला आणि उत्तर आलं: लातूर इथं अमली पदार्थांचा गुन्हा प्रलंबित, दाखला देता येत नाही.

मी मुखेडकरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी चहा मागवला. त्यांच्या खुर्चीमागं भिंतीवर व्यंकटचा शाल घेतलेला फोटो होता.

"साहेब," मी म्हटलं, "तुमच्या पाठीमागं ज्याला टांगलंय ना, त्यालाच तुमच्या खालच्या टेबलानं नापास केलंय."

त्यांनी वळून फोटोकडं पाहिलं. खरंच पाहिलं. "ताई, सत्कार हा सामाजिक विषय आहे. पडताळणी हा रेकॉर्डचा विषय आहे. दोन्ही मिसळून चालत नाही."

"म्हणजे स्टेजवर तो सुधारला अन् कागदावर बिघडलेलाच हाय?"

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय," मुखेडकर म्हणाले. "बरं, जूनमधला मोठा कार्यक्रम आहे. तात्यासाहेब येणार आहेत. व्यंकटला घेऊन या."

मी तो चहा प्यायला नाही. माझ्याकडून तेवढाच निषेध झाला.

तात्यासाहेब म्हणजे आमच्याकडचे पुढारी. लोह्याच्या रस्त्यावर त्यांच्या दोन परमिट रूम आहेत, पाटीवर ठळक अक्षरांत मेव्हण्याचं नाव. जून महिन्यात, अमली पदार्थविरोधी दिनाला, नांदेडच्या एका सभागृहात ते मुख्य पाहुणे म्हणून आले. कॉलेजची पोरंपोरी खचाखच बसवली होती. मी पुढच्या रांगेत, हुमाबाईंच्या शेजारी. सुरुवातीलाच व्यंकटला शाल पांघरून झाली. श्रीफळ भाषणांनंतर द्यायचं होतं.

तात्यासाहेब माईकसमोर उभे राहिले आणि गरजले, "नशा करणारा हा समाजाचा शत्रू आहे! त्याला दयामाया दाखवू नका! त्याला आत टाका, कुलूप लावा आणि चावी गोदावरीत फेकून द्या!"

टाळ्या कडाडल्या. मुखेडकरही टाळ्या वाजवत होते. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर शाल पांघरून तोच शत्रू बसला होता. ही चावी कुणाच्या कुलपाची, हे स्टेजवर कुणाच्या ध्यानातही आलं नाही. हुमाबाईंनी मात्र माझा हात धरला. मी व्यंकटकडं पाहिलं. तो खाली मान घालून, लिहून दिलेल्या भाषणाचा कागद चुरगाळत होता.

त्याचं नाव पुकारलं. तो उठला, कागद खिशात घातला आणि आपल्याच बोलीत बोलायला लागला.

"साहेब म्हणले, आत टाका. मला टाकलं होतं. लातूरला. मी डोडा खात होतो, ही खरी गोष्ट हाय. खिशात पुडी सापडली, ती माझीच होती, कुणी टाकली न्हाई. आत गेल्यावर पाय असे ओढायचे की भिंतीवर डोकं आपटून घ्यावं वाटायचं. गोळी कुणी दिली न्हाई. डोडा कुठं मिळतो ते मात्र आतच कळलं. बाहेर आलो अन् पुन्हा खाल्ला. मला बरं केलं ते या डॉक्टरबाईनं अन् माझ्या अक्कानं. धरून कुणी बरं होत न्हाई. तुमच्यात कुणी घेत असंल तर लपू नका, पण ठाण्यात बी जाऊ नका. दवाखान्यात जा."

मागून एका पोरीनं टाळी वाजवली आणि सगळी पोरं वाजवायला लागली. तात्यासाहेबांच्या वाजल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या वाजल्या. तिथं थांबला असता तर बरं झालं असतं. पण माणसाला खरं बोलायची चव लागली की आवरत नाही.

"अन् एक सांगतो," तो म्हणाला, "रस्त्यावर डोडा खाऊन मेलेले मी बघितले, पण दारू पिऊन दुसऱ्याला मारलेले लई जास्त बघितले. तिचं दुकान तर रस्त्यालाच असतंय. लायसन घेऊन."

माईक बंद पडला. म्हणजे पाडला. श्रीफळ द्यायचं राहूनच गेलं. तात्यासाहेबांना अचानक दुसरा कार्यक्रम आठवला.

कुण्या पोरानं मोबाईलवर शूटिंग केलं होतं. संध्याकाळपर्यंत ते नांदेडभर फिरलं आणि दोन दिवसांत लातूरला पोचलं. तिसऱ्या दिवशी ईश्वरप्पांचा फोन आला. ईश्वरप्पा आमचे वकील, उदगीरचे, रागावले की अर्धे कानडीत जाणारे.

"अय्यय्यो, सुकन्याबाई! तुमच्या भावाला तोंड आहे का बोगदा? केस मरायला टेकली होती, आणि यानं तिला सलाईन लावलं!"

तेव्हा मला सगळं कळलं. केस खरोखरच पडत आली होती. एका पंचाला काही आठवत नव्हतं. दुसऱ्यानं सांगितलं होतं की चहाच्या टपरीवर बोलावून आपली सही घेतली, पुडी आपण पाहिलीच नाही. म्हणजे माझा भाऊ सुटणार होता तो खोट्या पंचनाम्यामुळं. आणि आता अडकणार होता तो खरं बोलल्यामुळं. सरकारी वकिलांनी ती व्हिडिओ क्लिप कोर्टात दिली आणि साक्षीदार म्हणून बोलावलं कुणाला? इन्स्पेक्टर मुखेडकरांना.

लातूरच्या कोर्टात त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले होते. न्यायाधीशबाई तरुण होत्या, चेहऱ्यावर सर्दी. मुखेडकर कडक इस्त्रीत आले. त्यांनी शपथेवर सांगितलं की होय, माझ्यासमक्ष आणि विद्यार्थ्यांसमक्ष आरोपीनं डोडा खाल्ल्याचं आणि पुडी आपली असल्याचं कबूल केलं.

ईश्वरप्पा उठले. आधी त्यांनी हरकत घेतली की पोलिसासमोरचा कबुलीजबाब चालत नाही. सरकारी वकील म्हणाले, तो पोलिसाला दिलेला नाही, सभेला दिलेला आहे. बाई म्हणाल्या, निकालात बघू, पुढं चला.

"साहेब," ईश्वरप्पांनी विचारलं, "हे ऐकून आपण आरोपीला ताब्यात घेतलं?"

"नाही."

"गुन्हा नोंदवला?"

"नाही."

"मग तिथं आपण आरोपीचं नेमकं काय केलं?"

मुखेडकरांनी घसा खाकरला. "सत्कार केला."

"कशाबद्दल?"

"नशा सोडल्याबद्दल."

"म्हणजे तो नशा करत होता हे आपल्याला त्या भाषणाच्या आधीपासून ठाऊक होतं. कितीदा सत्कार केला?"

"तीन… चार वेळा झाला असेल."

"शाल परत घेतली का?"

कोर्टात हशा पिकला. बाईंनी टेबलावर पेन आपटलं. मुखेडकर लाल झाले नाहीत, हे मला फार लागलं. त्यांना यात काही वावगं दिसतच नव्हतं. एका हातानं शाल द्यायची, दुसऱ्या हातानं शिक्षा, आणि दोन्ही हात स्वच्छच.

शेवटी न्यायाधीशबाईंनी व्यंकटला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का. ईश्वरप्पा डोळ्यांनी खुणावत होते: काही नाही म्हण.

"मी खात होतो, बाई," व्यंकट म्हणाला. "सभेत बोललो ते खरंच हाय. आता न्हाई खात. तेव्हा मला आवरत नव्हतं. एवढंच."

ईश्वरप्पांनी कपाळावर हात मारून घेतला.

"उपचार घेतलेत तर ते आधी कोर्टासमोर का आणलं नाही?" बाईंनी विचारलं. "कायद्यात उपचार घेणाऱ्याला सवलत आहे. कुणी सांगितलं नाही का?"

सरकारी वकील पंख्याकडं बघायला लागले. ईश्वरप्पा फायलीत बघायला लागले. त्यांनी मला नंतर समजावलं, की उपचार दाखवले तर खात होता हे मान्य करावं लागलं असतं, आणि आपण तर पुडीच नव्हती म्हणत होतो. वकिलाच्या हिशेबानं बरोबरच असेल. पण इतकी वर्षं तारखा पडल्या, त्यात सगळे मिळून पुडी होती की नव्हती एवढ्यावरच भांडले. तो माणूस बरा झाला का, हे बाईंनी विचारेपर्यंत कुणी विचारलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल झाला. दोषी. शिक्षा: दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद. म्हणजे त्या दिवसाचं काम संपेपर्यंत तिथंच बाकावर बसून राहायचं. बाई शिक्षा वाचताना व्यंकटकडं बघत नव्हत्या. मला वाटतं, त्यांनाही लाज वाटत असावी, पण लाजेसाठी कलम नाही.

तो बसला. त्याच्यासमोर दुसऱ्यांच्या केसेस चालत राहिल्या. बांधाचं भांडण, चेक न वटल्याची फिर्याद. एका शिपायानं त्याला चहा आणून दिला, तेवढा माणूस तिथं निघाला.

मी व्हरांड्यात उभी होते. मुखेडकर टोपी काखेत धरून जवळ आले. "ताई, मनाला लावून घेऊ नका. शपथ होती. मी खरं तेच सांगितलं."

"हाव साहेब," मी म्हटलं. "खोटं बोलला असतात तर मीच तुम्हाला शाल दिली असती."

ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

शाळेच्या नोकरीची आशा अर्थातच गेली. शिवमूर्ती नावाच्या एका अर्धापूरच्या बागायतदारानं व्यंकटला आपल्या पिकअपवर ठेवलं, केळी नांदेडच्या बाजारात आणायला. त्यांनी कसला दाखला मागितला नाही. एवढंच विचारलं, "पहाटं उठतोस का?"

पेपरात बातमी आली होती, 'नशेची कबुली देणाऱ्या चालकास शिक्षा'. पोलिसांच्या खात्यात एक दोषसिद्धी जमा झाली. त्या महिन्यात मी हुमाबाईंना भेटायला गेले, तर ओपीडीबाहेरचा बाक रिकामा होता. पूर्वी तिथं भिंतीला टेकून पोरं उभी असायची.

"येत नाहीत," बाई म्हणाल्या. "व्यंकटचा व्हिडिओ पाहून काही नवे आले होते. निकालाची बातमी वाचून तेही बंद झाले. मी फोन केले. कुणी उचलत नाही." त्या एवढंच बोलल्या. त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी बाहेर आले तर दवाखान्याच्या फाटकाशी एक बाई उभी होती, डोक्यावर पदर, हातात पिशवी. साखराबाई, आमच्याच लोह्याकडची, माझ्याकडं पॉलिसी होती तिची. थोड्या अंतरावर तिचा थोरला, लग्न झालेला लेक खाली बसला होता. नाक पुसत होता, जांभया देत होता. मला सांगायची गरज नव्हती.

"सुकन्याताई," तिनं हळूच विचारलं, "आत नाव लिवून घेतात का वं?"

"केसपेपरवर लिहितात. पण ते डॉक्टरकडं राहतंय, पोलिसांकडं न्हाई."

"तुमच्या भावाचं कसं गेलं मग?"

मी त्या सभेचं सांगायला लागले, पण ती पदर सारखा करून लेकाला म्हणाली, "ऊठ, जाऊ घरला."

व्यंकट मला न्यायला पिकअप घेऊन आला होता. तो खाली उतरला. काय चाललंय ते त्याला लांबूनच कळलं होतं. तो त्या माणसाशेजारी मातीत बसला आणि त्याच्या झटकणाऱ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"रात्री लई ओढतात ना पाय?"

त्यानं मान हलवली.

"तिथं गोळी देतात. अर्ध्या तासात थांबतंय. नावाचं भ्या वाटत असंल तर माझं नाव सांग. ते तसंबी खराब झालंय."

तो माणूस उठला. साखराबाई जागची हलत नव्हती, मग तीही निघाली. आम्ही चौघं आत गेलो. हुमाबाईंनी केसपेपर पुढं ओढला, पेन उघडलं आणि नाव विचारलं. तो व्यंकटकडं बघत राहिला आणि मग त्यानं आपलंच नाव सांगितलं, पण इतक्या हळू, की बाईंना ते पुन्हा विचारावं लागलं.